टेबल सरळ आहे

२ फेब्रुवारी, सोमवार

चि. खटपटीला आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. चहा केला. एका कपाचं पाणी अजून अंदाजाने ठेवता येत नाही, अर्धा कप ओतून दिला. दहाला टपालकचेरीत जाऊन अर्ज दिला की, मामीच्या नावाची पत्रं परत पाठवू नयेत, माझ्याकडे द्यावीत. दुपारी जेवलो. तिला जाऊन आज पंचेचाळीस दिवस झाले.

तुला लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मामीने जायच्या आधी नऊ दिवस नवा लॅपटॉप घेतला, ते तुला ठाऊक आहे. दुकान कुठलं ते तिने मला सांगितलं नाही. "तुम्ही पायरी चढलात की दुकानदार शटर ओढतो," म्हणाली, आणि एकटीच जाऊन घेऊन आली. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केल्यावर एवढं ऐकून घ्यावं लागतं.

या लॅपटॉपच्या बॅटरीचे आकडे मला पटत नाहीत. चार्जर लावलेला असतो तेव्हा शंभर टक्के दाखवतो. गेल्या मंगळवारी दुपारी वीज गेली. मी घड्याळ लावून बसलो. पहिल्या दहा मिनिटांत शंभरचे त्र्याण्णव झाले. पुढच्या सहा मिनिटांत त्र्याण्णवचे एकसष्ट. तेवढ्यात वीज आली. गुरुवारी पुन्हा गेली, तेव्हा आठ मिनिटांत शंभरवरून अठ्ठावन्नवर आला. एकच काटा, एकच वजन, आणि दोन आकडे. असा काटा मी जप्त केला असता.

नवी वस्तू असं का करते? बॅटरी एकदम संपू नये यासाठी काय करावं, ते कळव. वीज जास्तीत जास्त किती वेळ गेली तर चालेल, तेही कळव. माझे कान आता फोनच्या उपयोगाचे राहिले नाहीत, म्हणून पत्रानेच.

आणखी एक. शेवटच्या दिवसांत मामीने तुला काही लिहिलं होतं का? सहज विचारतो.

मामा


८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मामा, नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानातल्या सगळ्यांना दाखवलं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, बॅटरी लवकर उतरते." लवकर म्हणजे किती? "म्हणजे लवकर." आणि इथे माझा मामा घड्याळ लावून मिनिटांचा तक्ता पाठवतो! आमचा मालक म्हणाला, "यांना इथे नोकरीला बोलव." मी म्हटलं, नको, पहिल्या दिवशी तुमचाच काटा तपासतील.

आता नीट ऐका. टक्क्यांचा आकडा हे वजन नाही, अंदाज आहे. टाकीत काठी घालून पाणी मोजल्यासारखं नाही, टाकी ठोकून आवाजावरून सांगितल्यासारखं आहे. अंदाज चुकला की शंभर दाखवतं आणि मध्येच धाडकन बंद पडतं. चाळीस दाखवतानासुद्धा बंद पडलेली यंत्रं मी रोज बघते. वरून सगळं ठीक, आणि आत काही उरलेलं नसतं.

उपाय सोपा आहे. चार्जर काढा. लॅपटॉप आपोआप पूर्ण बंद पडेपर्यंत चालू द्या. तीन-चार तास तसाच बंद ठेवा. मग मध्ये न थांबता शंभरपर्यंत भरा आणि पुन्हा सुरू करा. असं तीन दिवस करा. अंदाज जागेवर येतो. आणि हो, कायम चार्जरला लावून ठेवू नका. ते म्हणजे पोट भरलेल्या माणसाला वाढतच राहण्यासारखं आहे.

वीज गेली तर जाऊ दे ना मामा. बंद पडला तर पडला, पुन्हा सुरू होईल. तुम्ही काय त्यावर अणुभट्टी चालवताय?

मामीशी मी फोनवरच बोलायचे. विशेष काही नाही, नेहमीचंच. तुम्ही जेवता ना वेळेवर?

खटपट


१५ फेब्रुवारी, रविवार

चि. खटपटीला आशीर्वाद.

सकाळी बाजारात जाऊन आलो. परत आलो तर खालच्या दुकानातला चावीवाला जिन्यात भेटला. म्हणाला, "साहेब, तुमच्या घराला कुलूप कशाला हवं? दारात तुमचा चेहरा टांगला तरी पुरे." मी हसलो असेन, कारण तोही हसला.

तू सांगितल्याप्रमाणे तीन दिवस केलं. नोंद अशी. पूर्ण भरल्यापासून बंद पडेपर्यंत तीन तास बावन्न मिनिटं. पुन्हा भरायला दोन तास दहा मिनिटं. तिन्ही दिवस तेच आलं. आता ठीक वाटतं.

फक्त दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. बोटाने सरकवायची जी चौकोनी पट्टी असते, ती दाबली की पूर्वी टक् करून खाली जायची, आता जात नाही. आणि यंत्र खालून गरम लागतं. धूळ बसू नये म्हणून मामी त्यावर आपली राखाडी शाल टाकायची, मीही टाकतो. पण शाल काढल्यावरही ऊब तशीच राहते.

वाचताना तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थोडा वेळ थांबलो. वरून सगळं ठीक आणि आत काही उरलेलं नाही, ते. तू बॅटरीबद्दल लिहिलं आहेस हे मला कळतं.

फोनवर नेहमीचंच बोलायचात म्हणजे काय बोलायचात?

मामा


२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय मामा, नमस्कार.

शाल आजच्या आज काढा. लॅपटॉपला थंडी वाजत नाही. उलट त्याला वारा लागतो, नाहीतर तो आतल्या आत तापतो.

पट्टी दाबली जात नाही हे वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. बॅटरी आतून फुगली की पहिल्यांदा तीच पट्टी घट्ट होते, कारण बॅटरी बरोबर तिच्याखाली असते. पण मग तुमची नोंद पाहिली. पावणेचार तासांच्या वर चालतो आणि तीनही वेळा पूर्ण भरतो, म्हणजे बॅटरी धडधाकट आहे. फुगलेली बॅटरी इतकी टिकत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी यंत्र इथे मागवून घेतलं असतं. पण तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा पट्टीत धूळ गेली असणार. कोरड्या मऊ कापडाने कडा पुसा.

मामीशी काय बोलायचे? तुमच्या तक्रारी! "यांनी आज साखरेचा डबा वजन करून बघितला, पन्नास ग्रॅम कमी निघाली म्हणून दुकानात परत गेले." असलं सगळं. हसायचो आम्ही.

इथे कामाचा ढीग पडलाय. लवकर लिहा.

खटपट


२८ फेब्रुवारी, शनिवार

चि. खटपटीला आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. आठला लॅपटॉपवरची शाल काढली तेव्हा लक्षात आलं, तो टेबलावर डुगडुगतो. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की समोरचा कोपरा उचलला जातो. टेबल जुनं आहे, एखादा पाय झिजला असेल असं वाटलं. माझ्याजवळ नोकरीतली बुडबुड्याची पट्टी आहे, काटा बसवण्याआधी ओटा सपाट आहे का ते पाहायची. ती लावून उभं, आडवं आणि तिरपं पाहिलं. बुडबुडा मधोमध थांबतो.

टेबल सरळ आहे.

मग यंत्राच्या पोटाखालून पट्टी सरकवून पाहिली. मधला भाग कडेपेक्षा तीन मिलिमीटर खाली आला आहे. वरही हात टेकायची जागा मध्ये थोडी चढलेली आहे. कडेची शिवण उजवीकडे उघडली आहे, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. तूर्त कोपऱ्याखाली घडी केलेला कागद ठेवला आहे, आता डुगडुगत नाही.

वाकून बघताना खालचा छाप वाचला. दुकानदाराच्या चकचकीत चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी आहे. नखाने कोपरा सोडवला. खालच्या चिठ्ठीवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे नवा म्हणून तिला जुनाच गळ्यात मारला. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या काट्यावरचे खोटे शिक्के ओळखले आणि घरातला पाहिला नाही.

एक वासही येतो. गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा. ऐकू कमी येत असलं तरी वास मला चांगला कळतो. कधी कधी उशिरा कळतो.

यातलं काही महत्त्वाचं असेल तर कळव.

मामा


४ मार्च, बुधवार. कुरियरने.

मामा,

हे वाचत असाल तिथेच थांबा. बॅटरी फुगली आहे. आतून वायू धरलाय तिने. वास येतो म्हणजे ती कुठेतरी उसवली आहे. अशी बॅटरी कधीही पेटते, आणि पेटली की सहजासहजी विझत नाही.

आधी चार्जर काढा. मग वरचं गोल बटण दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा, म्हणजे तो बंद होईल. दाबून सपाट करायला जाऊ नका. टोचू नका. पत्र्याच्या बादलीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, वरून वाळू टाका आणि बादली घराबाहेर, अंगणात, भिंतीपासून लांब न्या. एकटे उचलू नका. चावीवाल्यांना आत्ताच फोन केलाय, ते वर येतील.

आता दुसरं. सहा वर्षांची फुगलेली बॅटरी पावणेचार तास चालूच शकत नाही. मी तुमची नोंद पुन्हा काढून बघितली. तीन तास बावन्न मिनिटं, तिन्ही दिवस, मिनिटाला मिनिट तेच. मामा, मी दहा वर्षांची असताना तुम्हीच मला शिकवलं होतं, तीन वेळा वजन अगदी सारखं आलं तर काटा तपासू नये, लिहिणारा माणूस तपासावा. तुमचं अक्षर होतं म्हणून मी बघितलंच नाही.

तुम्ही लॅपटॉप बंद केलाच नव्हता ना? का?

खटपट


६ मार्च, शुक्रवार. कुरियरने.

चि. खटपटीला आशीर्वाद.

बुधवारी संध्याकाळी चावीवाला वर आला. त्याला दारातच सांगितलं, बंद केला आहे, बाहेर ठेवला आहे. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर शाल होती. तो तसाच खाली गेला. तुझं पत्र आज मिळालं.

तू विचारलंस तर आता खरं लिहितो. लॅपटॉप १९ डिसेंबरपासून एकदाही बंद झालेला नाही. तीन तास बावन्न मिनिटं मी मनाने लिहिली. नोकरीत एकही आकडा मनाने लिहिला नव्हता.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती टेबलापाशी टाइप करत बसली होती. दूध तापत ठेवलं होतं, ते पाहायला उठली. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ती पडली ते मला ऐकू आलं नाही. दूध करपल्याचा वास आला तेव्हा मी उठलो. तोवर किती वेळ गेला होता ते माहीत नाही. दुधाचा तळ पूर्ण काळा झाला होता, त्यावरून अंदाज करता येतो. तो मी केला आहे.

आठवड्याने टेबल पुसताना हात लागला आणि लॅपटॉपचा पडदा उजळला. ती तुला पत्र लिहीत होती. एवढंच आहे:

"चि. खटपटी, आशीर्वाद. एकेक अक्षर शोधून लिहिते आहे, एका ओळीला पाव तास लागला, हसू नकोस. यांना सांगू नकोस, पण"

पुढे काही नाही. "पण"नंतर एक उभी रेघ लुकलुकते. ती उठून गेली तेव्हापासून तिथेच लुकलुकते आहे. यंत्र सुरू करताना तो परवलीचा शब्द मागतो, तो मला माहीत नाही. बंद झाला की मला परत आत जाता येणार नाही. मजकूर मी पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतला. मजकुरासाठी नाही हे. रोज सकाळी शाल काढली की रेघ चालू असते, जसं काही ती आत्ताच दूध बघायला उठली आहे. एवढंच.

मला सांगायचं नाही असं काय होतं? मी तुला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू हसण्यावारी नेलंस, आणि परवाच्या पत्रात तो विषयच नव्हता. इतक्या वर्षांच्या कामाने माणूस कधी टाळतो ते मला कळतं. तू मला ते लिही, मग मी बटण दाबतो. आधी नाही.

वास वाढला आहे. मी शेजारीच बसून हे लिहितो आहे.

मामा


९ मार्च, सोमवार. कुरियरने.

मामा,

असला सौदा करतात का कुणी? तुम्ही बॉम्बशेजारी बसून मला अट घालता!

सकाळी तुमचं पत्र फोडल्याबरोबर चावीवाल्यांना फोन केला. म्हटलं, दार उघडलं नाही तर तुम्ही उघडा, तुमचा धंदाच आहे. म्हणाले, "ताई, गावातलं कुठलंही कुलूप सांगा. साहेबांच्या दाराला मी हात लावणार नाही. पितळेची मोड विकत घेताना माझा काटा किलोमागे सव्वाशे ग्रॅम मारत होता तेव्हा त्यांनी पकडला, आणि केस न करता तिथे बसून दुरुस्त करून दिला. त्यांनी आत बोलावलं तरच जाईन." ते दोनदा वर येऊन दार वाजवून गेले. तुम्हाला ऐकू गेलं नसणार. ही गोष्ट त्यांच्या तोंडून ओरडून कळवायची नव्हती, म्हणून पुन्हा कुरियर.

तेव्हा सांगते. मी मामीला शब्द दिला होता.

ऑक्टोबरात तिने फोनवर सांगितलं की, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, आणि डावा हात खांद्यापासून दुखतो. मी म्हटलं, आजच्या आज दाखव. ती म्हणाली, "दाखवते, पण यांना सांगू नकोस. घरात वजनकाटा आणून मला रोज दोनदा तोलतील." मी हसले. मामा, मी हसले. नोव्हेंबरात विचारलं तर म्हणाली, दाखवलं, गोळ्या दिल्यात. दाखवलं होतं की नाही मला अजून माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला एक ओळ लिहिली असती तर तुम्ही तिला उचलून नेलं असतं. पाच महिने मी ही गोष्ट घेऊन हिंडते आहे, आणि तुम्ही "सहज विचारतो" लिहिलंत की मी विनोद करत होते.

आणि लॅपटॉप. तो तिने स्वतःसाठी घेतला नव्हता. म्हणाली होती, "यांना फोन ऐकू येत नाही. मी नसले तर हा माणूस कुणाशी बोलणार? भिंतींशी? आधी मी शिकते, मग यांना शिकवते, म्हणजे तू आणि ते रोज लिहू शकाल." मी म्हटलं, नसले तर म्हणजे काय? म्हणाली, बाजारात गेले तर.

ते वाक्य कसं संपलं असतं ते मला माहीत नाही. दुखण्याबद्दल असेल, लॅपटॉपबद्दल असेल, साखरेच्या डब्याबद्दलही असेल. मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं वर लिहिलं. आता माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

बंद करण्याआधी मजकूर ठेवायचा असेल तर डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल लिहिलेलं बटण धरून एस दाबा. रेघ ठेवता येत नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मी बुधवारी निघते, शुक्रवारी दुपारी पोचते. तुमच्यासाठी दुसरा लॅपटॉप आणते, माझ्या हाताने तपासलेला. मला दारात तुम्ही दिसायला हवेत.

खटपट


११ मार्च, बुधवार

चि. खटपटीला आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. चहा केला. पाणी आज बरोबर एका कपाचं झालं. साडेदहाला कुरियरवाला आला. तो दार वाजवतो ते कळत नाही म्हणून मी दार उघडंच ठेवलं होतं. तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तू आता वाटेत असशील, म्हणून हे टपालात टाकत नाही. टेबलावर ठेवतो.

शाल काढली. हाताखालची जागा इतकी वर आली होती की खालच्या ओळीतली दोन बटणं उचकटून तिरकी झाली होती. पडदा उजळला. रेघ होती. आधी चार्जरची पिन यंत्रातून काढली. आकडा शंभर होता. तू सांगितलेली दोन बटणं दाबली. त्याने नाव विचारलं, आणि तिचेच पहिले शब्द नावाच्या जागी आपणहून घातले. मी ते तसेच राहू दिले. मग गोल बटण दाबून धरलं. तू दहा मोजायला सांगितलं होतंस. सातलाच पडदा गेला.

खाली जाऊन चावीवाल्याला म्हटलं, वर ये. तो लगेच आला. वाळूची बादली त्याने गेल्या बुधवारपासून जिन्याखाली भरून ठेवली होती. यंत्र आम्ही ट्रेवर ठेवून, दोघांनी दोन बाजू धरून खाली नेलं. जिन्यात तो म्हणाला, "साहेब, हळू. हे काही तुमचं लोखंडी वजन नाही, आपटलं तरी चालायला." अंगणाच्या मध्यावर बादलीत ठेवलं, वरून वाळू टाकली. तेव्हा पावणेबारा झाले होते.

आम्ही परत वळलो. चावीवाल्याने एकदम माझा दंड धरून ओढलं. तो काहीतरी ओरडत होता, मला ऐकू आलं नाही. मागे पाहिलं तर वाळूतून पांढरा धूर येत होता. मग वाळू मध्येच उचलली गेली आणि ज्वाळा आली, हातभर उंच. सहा मिनिटं जळत होतं. बादलीचं बूड गेलं. पुढे तासभर आम्ही लांब उभे राहिलो.

तो म्हणाला, "हे टेबलावर होतं?"

मी म्हटलं, हो.

"आणि तुम्ही शेजारी बसत होतात?"

हो.

त्याने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं, मग तिच्या बरोबर खाली असलेल्या आपल्या दुकानाकडे. "म्हणजे मीही बसत होतो," म्हणाला.

मी फक्त माझा एकट्याचा विचार केला होता. तसं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. चहाला वर बोलावलं, तर म्हणाला, "आज नको साहेब." उद्या पुन्हा बोलावणार आहे.

ठेवलेला मजकूर अर्थात त्यातच गेला. वहीतला आहे. शुक्रवारी तुला दाखवतो, पत्र तुझंच आहे.

तू मामीचा शब्द पाळलास त्याबद्दल. मी रागावलो नाही असं लिहिलं तर ती आणखी एक खोटी नोंद होईल. तूही मनाने आकडा लिहिलास आणि मीही लिहिला. तिनेही लिहिला. तिघांमध्ये एकाने जरी खरा लिहिला असता तर, एवढंच सारखं मनात येतं. यापुढे मला काय वाटेल ते मला अजून माहीत नाही. पण दार उघडं ठेवतो, आणि तू ये.

दुसरा लॅपटॉप आण. शिकेन. दुकान कुठलं ते मात्र मला सांगायचं.

दुपारी नोंदवही काढली. आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडायची नसते, पानही फाडायचं नसतं. खालचा आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची, बाजूला तारीख घालायची आणि सही करायची. तीन तास बावन्न मिनिटं तीन ठिकाणी होतं. तिन्ही ठिकाणी रेघ मारून सही केली. १९ डिसेंबरच्या पानावर मी दुधाच्या तळावरून काढलेला अंदाज लिहिला होता, वीस मिनिटं. तो खोटा नाही, म्हणून तसाच ठेवला.

मामा

ता. क. चार्जर भिंतीत तसाच राहिला होता. दिवा हिरवा होता. बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि खणात ठेवली. मग टेबल पुसलं.